रोख्यामागचा रोखा

पारनेर म्हटले, की सेनापती बापटांचे नाव आपोआप ओठावर येते. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म पारनेरला १२ नोव्हेंबर १८८० रोजी झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८७९ साली, पारनेरच्या शेतकऱ्याच्या संसारावर थेट परिणाम करणारा एक कायदा झाला होता. सेनापतींचे नाव गावाने जपले. त्या कायद्याचे नाव मात्र आज वकीलमंडळींखेरीज फारसे कुणाला आठवत नाही. तो होता ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, या चार जिल्ह्यांसाठी तो केला गेला. त्यात कलमे पुष्कळ होती. पण त्या सगळ्यांच्या गाभ्याशी एकच साधा प्रश्न होता : कागदावर जी रक्कम लिहिली आहे, ती आली कुठून?

हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. परंतु तो न्यायाधीशाने विचारावा, एवढ्यासाठी या मुलुखाला फार किंमत मोजावी लागली. त्याचाच थोडा इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे.

पारनेर तालुका हा पठारांचा तालुका. कान्हूरच्या पठारावर उभे राहिले, तर उत्तरेकडचे पाणी मुळेला मिळून गोदावरीत जाते आणि दक्षिणेकडचे कुकडी-घोडीच्या वाटेने भीमेत जाते. पाणी दोन्हीकडे वाहून जाणार, आपल्याजवळ थांबणार थोडे. असा हा प्रदेश. पीक बाजरी-ज्वारीचे, आणि तेही पावसाच्या मर्जीवर. पाऊस चुकला की बियाणे सावकाराकडून, सारा भरायचा तर पैसे सावकाराकडून, आणि मुलीचे लग्न निघाले तर तेही सावकाराकडूनच.

सावकार काही इंग्रजांनी आणला नाही. तो पेशवाईतही होता, त्याच्याही आधी होता. मारवाड-गुजरातेतून येऊन इथे स्थायिक झालेले सावकार होते, तसे गावातले देशस्थ आणि इतर सावकारही होते. पण जुन्या काळी त्याच्या येण्याला दोन बांध होते. एक गावाचा. वसुलीसाठी त्याला गावाशी जमवून घ्यावे लागे. दुसरा बांध दामदुपटीचा. कर्ज कितीही जुने झाले, तरी व्याज मुद्दलाच्या वर जायचे नाही; शंभराचे फार तर दोनशे, असा धर्मशास्त्राचा आणि रिवाजाचा दंडक होता.

इंग्रजी अंमल आल्यावर चित्र पालटले. १८३६ साली इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या नव्या मोजणीला सुरुवात झाली आणि पुढे ती दख्खनभर पसरली. शेताला नंबर पडला, आकार ठरला, आणि तो आकार ठरल्या वेळी रोख भरावा लागू लागला. दुसरीकडे दिवाणी कोर्टे आली. कोर्ट कागद पाही. कागदावर कुळाचा अंगठा आहे ना, साक्षीदारांची सही आहे ना, मग हुकूमनामा झालाच. बहुतेक वेळा तर कुळ कोर्टात हजरच होत नसे आणि निकाल एकतर्फी लागे. गावाचा बांध असा फुटला.

दुसरा बांध कसा फुटला, ते जरा नीट पाहिले पाहिजे. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, नाही तर तो रोखा बाद, असे ठरले. हेतू चांगला होता. जुनी देणी कुजत पडू नयेत, व्याज साचत जाऊ नये. पण झाले उलटेच! मुदत संपत आली की सावकार कुळाला बोलावी आणि सांगे, “दावा लावू, की नवा रोखा लिहून देतोस?” कुळ बिचारे नवा रोखा लिहून देई. त्या नव्या रोख्यात जुने मुद्दल आणि तीन वर्षांचे व्याज एकत्र करून एकच आकडा लिहिला जाई, आणि तोच आकडा पुढे मुद्दल म्हणून चाले. जुना रोखा फाडला जाई किंवा सावकाराच्या पेटीत राही.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका शेतकऱ्याने शंभर रुपये घेतले, व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी व्याज झाले बहात्तर. नवा रोखा झाला १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तिसरा रोखा होईल सुमारे २९६ रुपयांचा. त्यानंतरचा ५०९ रुपयांचा. आणि बारा वर्षे भरली की बाकी निघेल ८७५ रुपये. साध्या व्याजाने तीच रक्कम ३८८ झाली असती. दामदुपटीचा नियम लावला, तर दोनशेच्या वर गेलीच नसती. मग दामदुपटीचा नियम कुणी मोडला का? तसे पाहिले तर कुणीच नाही! प्रत्येक रोख्याचे व्याज त्या रोख्यातल्या मुद्दलापेक्षा कमीच होते. फक्त कालचे व्याज आजचे मुद्दल झाले होते, आणि ते तसे झाले, हे सांगणारी एकही ओळ नव्या कागदावर नव्हती.

बरे, एकाच कर्जाची ही गोष्ट झाली असती, तरी एक वेळ माग काढता आला असता. पण एका घराची देणी अनेक वाटांनी येत. बापाच्या वेळचा एक रोखा असे. भावाला जामीन राहिल्याची एक जबाबदारी असे. दुष्काळात घेतलेली चार मण बाजरी असे, तिचा भाव सावकाराने लावलेला. रोख देतानाच काही रक्कम कापून घेतलेली असे, पण रोख्यात पूर्ण आकडा लिहिलेला असे. मध्येच कुळाने सुगीला धान्य घातलेले असे, त्याची पावती नसे. हे सगळे ओहोळ कधी तरी एकाच रोख्यात येऊन मिळत. संगमाच्या खाली उभे राहून ओंजळभर पाणी घ्यावे आणि यातले कुठले कुठल्या ओढ्याचे, असे विचारावे, तशी त्या शेतकऱ्याची स्थिती होई. आपण मुळात किती घेतले, हे त्यालाही सांगता येत नसे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा सैल झाला, सावकारही हात सैल सोडून कर्जे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. जुनी देणी तशीच उभी राहिली, नवे कर्ज मिळेना, आणि हुकूमनाम्याखाली जमिनी जाऊ लागल्या.

१८७४ च्या डिसेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात कर्डे गावी लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. आणि १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात, बाजारच्या दिवशी, भडका उडाला. जमावाने सावकारांच्या दुकानांवर चाल केली. लोण पुणे जिल्ह्यातून अहमदनगर जिल्ह्यात शिरले आणि पारनेर, श्रीगोंदे या तालुक्यांत पसरले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसहून अधिक गावांत दंगे झाले. ९५१ माणसांना अटक झाली. त्यातली ३९२ अहमदनगर जिल्ह्यातली होती.

इतिहासकारांचे लक्ष ज्या गोष्टीने वेधून घेतले, ती अशी : या दंग्यांत लोक मागत होते ते कागद. रोखे द्या, वह्या द्या. कागद मिळाले, की त्यांची होळी करायची आणि घरी जायचे. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. मारहाण, जाळपोळ झालीच नाही असे नाही. पण राग होता तो कागदावर.

तो राग समजण्यासारखा आहे. जो आकडा कुठून आला ते कळत नाही आणि ज्याच्यापुढे कोर्टही मान तुकवते, त्या आकड्याशी भांडणार तरी कसे? तो जाळता येतो, एवढेच. परंतु, श्रोते हो, त्या होळीत आणखीही काही जळत होते. शेतकऱ्याने कधी काळी फेडलेले दहा-वीस रुपये, घातलेली दोन पोती बाजरी, यांचा पुरावा कुठे असेल तर तो सावकाराच्या रोजमेळातच होता. वही जळाली की सावकाराचा दावा जळाला, तसा कुळाचा जबाबही जळाला. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याच हातून अन्यायाचा पुरावा नष्ट होत होता. या सगळ्या प्रकरणातली मला तरी सर्वांत मोठी शोकांतिका हीच वाटते.

सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमले. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लागल्याचे एक उदाहरण त्या चौकशीत पुढे आले. मघाशी आपण केलेला हिशेब त्यापुढे सौम्यच म्हणायचा! आणि मग १८७९ चा कायदा झाला.

या कायद्याने काय केले? त्याच्या बाराव्या कलमात न्यायाधीशाला सांगितले होते, की शेतकऱ्यावरचा दावा पुढे आला, तर नुसता रोखा पाहून थांबू नका. या दोघांमधला व्यवहार सुरू झाला तेथपासूनचा इतिहास तपासा. आणि केवळ या दोघांमधलाच नव्हे, तर ज्यांच्याकडून हे देणे-घेणे वारशाने किंवा हस्तांतराने आले, त्यांच्यापर्यंतही जा. म्हणजे बापाचा रोखा मुलाच्या रोख्यात मिसळला असेल, तर बापाच्या रोख्यापर्यंत मागे चला. कुळाने “मला हे देणे मान्य आहे” असे म्हटले, तरीसुद्धा एरवी मूळ शोधायचेच.

तेराव्या कलमाने हिशेबाची रीत घालून दिली. मधल्या काळात दोघांनी मिळून काही बाकी ठरवली असेल, तिच्यावर सह्या झाल्या असतील, तरी ती बाजूला ठेवा. मुद्दलाचे खाते वेगळे मांडा, व्याजाचे वेगळे. मुद्दलाच्या खात्यात कुळाच्या हातात खरोखर जे पडले तेवढेच लिहा. कधी तरी व्याजाचे मुद्दल करून घेतले असेल, तर ते पुन्हा व्याजात टाका. आणि व्याज लावायचे ते साधे. थोडक्यात, संगमापाशी उभे राहून भांडू नका; प्रत्येक ओढा धरून वर चढा.

कोर्टात हे कसे चालत असेल, त्याची कल्पना करता येते. सावकाराची खतावणी समोर येते. तिच्यात कुळाच्या नावाचे पान, आणि पानावर ‘बाकी’ म्हणून एक मोठा आकडा. त्या आकड्यावरून मागच्या वहीकडे जायचे. मागच्या वहीतून रोजमेळाकडे, कारण रोजच्या देण्याघेण्याची पहिली नोंद तिथे. तिथे सापडते, की अमुक दिवशी बियाण्यासाठी पंधरा रुपये दिले. अमुक दिवशी चाळीस लिहिले, पण हातात पडले पस्तीस. अमुक दिवशी बाजरी जमा. असे एकेक दाणे वेचून मग खरी बाकी उभी करायची. काम किचकट, वेळखाऊ. पण त्याला दुसरा मार्ग नव्हता.

पुढचे घोळ टाळण्यासाठीही कायद्याने एक शहाणी व्यवस्था केली. गावोगावी दस्त नोंदणारे नेमले. शेतकऱ्याने लिहून द्यायचा रोखा त्यांच्यासमोर व्हायचा, त्यात मोबदला किती आणि कसा, ते पुरते लिहायचे. आणि नवा रोखा जर जुन्या रोख्याच्या जागी होत असेल, तर तो जुना रोखा तिथे हजर करायचा, त्याचे वर्णन नव्यात लिहायचे आणि नोंदणाऱ्याने जुन्यावर आपली खूण करायची. म्हणजे आता प्रत्येक रोखा आपल्या बापाचे नाव सांगू लागला! शिवाय पैसे दिल्याची पावती, दर वर्षी हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक, हे कुळाचे हक्क ठरले. दाव्याची मुदतही वाढवली, म्हणजे दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेण्याचे निमित्तच उरू नये. हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले.

या कायद्याखालच्या कामावर देखरेख करायला खास न्यायाधीश नेमलेले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हे काम अनेक वर्षे केले. चारही जिल्ह्यांत फिरून खालच्या कोर्टांची दप्तरे तपासायची, असे ते काम होते. अर्थशास्त्राचे आणि इतिहासाचे पंडित म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या पाच-पन्नास रुपयांच्या हिशेबांची छाननी करण्यात गेली, हे आपण विसरता कामा नये.

या कायद्याने शेतकरी कर्जमुक्त झाला का? नाही, तसे म्हणणे धाडसाचे होईल. सावकारांनी हात आणखी आखडले. कित्येकांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. कागदावर विक्री, आणि तोंडी बोली अशी, की पैसे फेडलेस तर जमीन परत. मग कायद्यात दुरुस्ती करून, ही विक्री आहे की गहाण, हेही कोर्टाने मागे जाऊन पाहावे, असे करावे लागले. पुढे मुंबई इलाख्यात १९३९ आणि १९४७ साली शेतकरी कर्जनिवारणाचे नवे कायदे झाले, १९४६ साली सावकारीवर नियंत्रण घालणारा कायदा झाला, आणि महाराष्ट्रात २०१४ साली त्या विषयाचा नवा कायदा आला. पावती द्या, उतारा द्या, वही ठेवा, ही कलमे मात्र नव्या कायद्यांतही राहिली. ती आली पारनेर-शिरूरच्या अनुभवातून.

आता तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीच्या रोख्यांचे आज काय? तर हाच प्रश्न आज अगदी निराळ्या ठिकाणी उभा राहिला आहे. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक एकाच आज्ञावलीवर शेकड्यांनी काम करतात. प्रत्येक जण आपली वेगळी शाखा काढतो, तिच्यात बदल करतो आणि मग त्या शाखा एकत्र मिळवल्या जातात. पुढे कुठे तरी बिघाड निघतो. तेव्हा प्रश्न पडतो : ही ओळ कुणाची, कुठल्या शाखेतून आली? यासाठी २००५ साली लिनस टोर्वाल्ड्स यांनी ‘गिट’ नावाची व्यवस्था तयार केली. तिच्यात प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याचे नाव, वेळ आणि आधीच्या नोंदीची खूण लिहिली जाते. दोन शाखा मिळाल्या, की त्या मिलनाच्या नोंदीत दोन्ही आईबापांच्या खुणा राहतात. आपल्या गावच्या नोंदणाऱ्याने जुन्या रोख्यावर केलेली खूण ती हीच!

आणि गंमत अशी, की चुकाही त्याच आहेत. एखाद्या ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला, हे ती व्यवस्था चटकन सांगते. त्या आज्ञेचे नावच ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणे, असे आहे. पण शेवटचा हात लावणारा हा मूळ लिहिणारा असेलच असे नाही. त्याने कदाचित ओळ फक्त नीट मांडली असेल. म्हणून जाणता माणूस पहिल्या उत्तरावर थांबत नाही, आणखी मागे जातो. शिवाय कुणी दहा-वीस बदल गुंडाळून त्यांची एकच नोंद केली, तर दिसायला ती सुटसुटीत दिसते, पण आतला सगळा इतिहास त्या नोंदीतून नाहीसा होतो. १७२ रुपयांच्या रोख्यासारखेच ते आहे.

इतके लांब जायचीही गरज नाही. आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव इथे का आले, वारसाने, खरेदीने की वाटणीने, ते त्या क्रमांकाच्या फेरफारात लिहिलेले असते. १९४७ च्या कायद्याखाली तुकडे एकत्र करून गट पडले, तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांचे काय झाले, हे शोधायला आजही लोक तलाठ्याकडे आणि भूमी अभिलेखच्या कचेरीत खेटे घालतात. उतारा सांगतो ते आजचे. फेरफार सांगतो ते कसे झाले ते. आपल्याकडे पुष्कळ जण उतारा जपून ठेवतात आणि फेरफाराकडे ढुंकून पाहत नाहीत. भांडण उभे राहते, तेव्हा मात्र धावाधाव होते.

एकत्र येण्यात दोष नाही. बापाचे देणे मुलाकडे येणारच, भावांची शेते कधी एक होणार, कधी वेगळी होणार, दहा जणांचे काम एका ठिकाणी मिळणारच. दोष आहे तो एकत्र करताना मागची खूण पुसण्यात. खूण पुसली, की बलवानाचा आकडा खरा ठरतो आणि दुबळ्याच्या हाती काडेपेटीशिवाय काही उरत नाही. १८७५ साली या मुलुखाने काडेपेटी हाती घेतली. चार वर्षांनी कायद्याने सांगितले, की कागद जाळू नका, तो उघडा. आणि त्याच्या मागचा कागद मागा, त्याच्याही मागचा मागा.

तेव्हा, श्रोते हो, पुढच्या वेळी बँकेत असो, सोसायटीत असो की घरच्या वाटणीत असो, कुणी तुमच्यापुढे एकच एक गोल आकडा ठेवून “इथे सही करा” म्हणाला, तर सही करण्याआधी त्याला शांतपणे एवढेच विचारा : हा आकडा कशाकशाचा मिळून झाला? त्याने रागावण्याचे कारण नाही. आपल्या या भागाने हा प्रश्न विचारण्याचा हक्क फार पूर्वीच मिळवून ठेवलेला आहे.